ताई ‘छान’ म्हणाल्या

१२ फेब्रुवारी २००६, रविवार. उरायासु, जपान

सुप्रभाताई फोनवर म्हणाल्या, “तू पाठवलेली सीडी ऐकली. छान गायलीस.” त्यांच्याकडे गाणं शिकले ते बोलणी खाऊन. ‘छान’ त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. विचारलं, “अंतरा कसा वाटला?” तर म्हणाल्या, “हो हो, पुण्यात थंडी आहे अजून.”

मग त्यांच्या सुनेनं, नंदिनीनं, फोन घेतला. “ऐकू येत नाही गं त्यांना. कानाच्या मशीनचं नाव काढलं की चिडतात. क्लास बंद करते म्हणताहेत.”

क्लास बंद केला तर ताई करणार काय दिवसभर?

१८ फेब्रुवारी

माझ्या नवऱ्याच्या, शैलेंद्रच्या, तोयोसुच्या ऑफिसातले मोरी-सान आले होते. सुट्टीला बँडमध्ये गिटार वाजवतात. त्यांनी लॅपटॉपवर रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घालून दिलं. त्यात मॅक्सिमायझर आहे — एकच गोल बटण! फिरवलं की गाणं मोठं. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून मी अंथरुणांच्या कपाटात बसून हळू गाते, आणि तोच आवाज केवढा झाला! देव भलं करो मोरी-सानांचं. बटण शेवटपर्यंत फिरवून सीडी काढली.

५ मार्च

नंदिनीचा फोन. ताई म्हणाल्या, “आवाज मोठा आहे, शब्द कळत नाहीत.” आणि प्लेअर बंद केला. खूप वाईट वाटलं.

११ मार्च

शैलेंद्रनं सांगितलं असणार. मोरी-सान आपणहून आले. “माझ्या आजीचंही असंच होतं. जाड आवाज ऐकू येतात, बारीक जातात. स, श, त आधी जातात.”

मग त्यांनी मल्टिबँड कॉम्प्रेसर उघडला. तो आवाजाचे जाड, मधला, बारीक असे भाग करतो आणि प्रत्येकाला वेगळं सांभाळतो. जाड तसाच ठेवला. बारीक भागातलं जे हळू होतं ते वर उचललं. ताईंच्या चालीत ‘सांज’ हा शब्द अगदी हळू म्हणायचा असतो, तोही बाकीच्या ओळीच्या बरोबरीला आला. मला जरा कर्कशच वाटलं.

“हे तुमच्यासाठी नाही, सेन्सेईंसाठी, तुमच्या गुरूंसाठी,” मोरी-सान म्हणाले.

दुपारभर बसले, नुसत्या पोह्यांवर. या माणसाचे उपकार कसे फेडायचे? आणि शैलेंद्रचे? न सांगता केलं त्यानं.

१३ मार्च

सीडी पोस्टात दिली. नकळत हात जोडले गेले. काउंटरवरच्या मुलीनं वाकून परत नमस्कार केला.

२६ मार्च, रविवार

ताईंचाच फोन. “मंजुषा, ‘सांज’ हळू म्हणायला शिकवलं होतं ना? ओरडलीस का? हळू-मोठं काही उरलंच नाही तुझ्या गाण्यात. जूनमध्ये येशील तेव्हा क्लासला ये. पहिल्यापासून घेते.”

“चुकलं, ताई,” म्हटलं. ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

माझे डोळे बघून शैलेंद्र घाबरला. त्याला सांगितलं — ताई रागावल्या! भरपूर रागावल्या!