सहाशे बारा लग्नं आणि एक अट

ती. कमलताईस,

चारकोपहून धाकट्या नंदूचा साष्टांग नमस्कार. तुझी कंबर आणि भावोजींचा गुडघा एकमेकांना सांभाळून घेत असतील अशी आशा. इकडे मी ठणठणीत, अब्रू तेवढी अंथरुणाला खिळली आहे. (फोनवर तू मला पहिल्या वाक्यापुढे जाऊ देत नाहीस, म्हणून हे पत्र, आणि तेही माणसाहाती. वाचून होईपर्यंत दार लावू नकोस.)

गणपतीत तू सगळ्यांसमोर म्हणालीस, मामा वधूवर मंडळाचा चिटणीस आणि भाचा छत्तिसाव्या वर्षी बिनलग्नाचा. ते मला लागलं. त्याच आठवड्यात मी सेक्टर चारमधल्या कॉम्प्युटर क्लासला नाव घातलं. आमची सहाशे बारा स्थळं आता फायलींत नाहीत, कॉम्प्युटरमधल्या तक्त्यात आहेत, आणि त्या तक्त्याला प्रश्न विचारायची एक भाषा असते, एसक्यूएल म्हणतात. शिकवायला तेजल मॅडम, आमचा तक्ताही त्यांनीच करून दिला (मला एरवी 'सर' म्हणतात, वैतागल्या की 'अंकल'. मी बहुतेक वेळ अंकलच असतो). भाषा सोपी आहे गो. सिलेक्ट म्हणजे काय हवं, फ्रॉम म्हणजे कुठल्या तक्त्यातून आणि व्हेअर म्हणजे अटी. अटी म्हटल्यावर मला तूच आठवलीस.

तुझ्या अकरा अटी मी ओळीने लिहिल्या. उंची, नोकरी, हळू बोलणं, मासे साफ करता येणं, माहेर मुलुंडपासून लांब पण फार लांब नको (हे एक लिहायलाच दोन दिवस गेले) वगैरे. सगळ्या 'अँड'ने जोडल्या, म्हणजे अकराच्या अकरा पुऱ्या व्हायला हव्यात. उत्तर आलं, शून्य ओळी. मॅडम म्हणाल्या, एकेक काढून बघा. उंची काढली, शून्य. मासे काढले (जिवावर आलं), शून्य. जातीची काढली आणि चौदा मुली आल्या. मी घाबरून कॉम्प्युटरच बंद केला, कारण मला तुझा चेहरा दिसायला लागला होता.

मग परवा अनुपमा म्हणून एका मुलीचं जमलं. तिच्या नावापुढे 'लग्न ठरले' एवढंच लिहायचं होतं, त्याला अपडेट म्हणतात. काय बदलायचं ते मी लिहिलं, पण कोणाचं बदलायचं, म्हणजे व्हेअर, तेच विसरलो आणि एंटर दाबलं. सहाशे बारा ओळी बदलल्या, असं आलं. मला वाटलं कौतुक करतोय. वाट लागलीय हे नंतर कळलं. लग्न ठरलं की अभिनंदनाचा मेसेज आपोआप जातो आणि खाली ओळ असते, 'कार्यालयात पेढे पोचवावेत' (ही माझीच सूचना, ठरावात नोंद आहे). दुपारपर्यंत फोन खाली ठेवायची सोय नव्हती. आमच्या मुलीचं कोणाशी ठरलं, तो करतो काय, आम्हाला का विचारलं नाही. घाटकोपरहून चंद्रप्रकाश म्हणून एका मुलाचे वडील तर पेढेच घेऊन आले. मुलगी कोण ते सावकाश सांगा म्हणाले, पण आता मोडू नका. चार पेढे खाऊन झाल्यावर मी त्यांना खरं सांगितलं, याची मला अजून लाज वाटते. मॅडमनी आदल्या दिवशीची प्रत ठेवली होती म्हणून सगळे पुन्हा बिनलग्नाचे झाले. अध्यक्षांनी माझ्याकडून कीबोर्ड काढून घेतला आहे, तेव्हा तुझ्या अनिरुद्धसाठी मुलगी शोधणं आता माझ्याच्याने व्हायचं नाही.

भावोजींना नमस्कार.
तुझा नंदू

ता. क. : एवढ्यासाठी कोण पत्र लिहितो? तो मेसेज अनिरुद्धलाही गेला होता, फॉर्मवर तू त्याचाच नंबर दिला होतास. बाकी सगळ्यांनी विचारलं, कोणाशी? तुझ्या लेकाने एकट्याने विचारलं, 'मामा, तुला कसं कळलं?'

ता. क. २ : सपना नाव. मानखुर्दची, शाळेत गणित शिकवते. चार वर्षं झाली, तुझ्या धाकाने पोर गप्प आहे. मला फार वाईट वाटलं, ताई. तुझ्या दहा अटींत ती बसते, मी तपासलं (मासे तर तुझ्याहून बरे साफ करते म्हणे). अकरावी कुठली ते तुला कळलंच. मी व्हेअर विसरलो तर जग बुडालं नाही, तूही एक विसरून बघ.

ता. क. ३ : पत्र घेऊन आलेली तीच. अनिरुद्ध खाली गेटपाशी आहे, वर यायची त्याची हिंमत नाही. तुमची लिफ्ट नेहमीसारखी बंद असेल, म्हणजे ती चार मजले चढून आली आहे. आत घे तिला, आधी पाणी दे. अटींचं नंतर बघू.