मागून आवळलेले नट

४ सप्टेंबर, गुरुवार
मड्डमला रंगाचा शेवटचा हात बसला. गडद हिरवा. वसंतराव (यापुढे व.रा.; नवऱ्याचं पूर्ण नाव रोज लिहायला मला वेळ नाही) पार्किंगमध्ये उभे राहून नुसते बघत बसले. उभे राहून बघत बसले! शाळेत असं वाक्य लिहिलं असतं तर सिस्टरनं छडी मारली असती. पण तसंच होतं ते.
ही जुनी इंग्रजी टू-सीटर मोटार कुरुळीच्या गोदामातून टेम्पोत घालून आणली तेव्हा सीटवर कोंबडी अंडी उबवत होती. मी म्हटलं होतं, एकतर ही घरात राहील नाहीतर मी. दोघी आहोत. व.रा. शेजाऱ्यांना सांगतात, "आमच्याकडे दोन मड्डम. एक कॉन्व्हेंटची, एक विलायतेची. विलायतेची कमी बोलते."
दसऱ्याला बाहेर काढायची. व.रा. चालवणार, शेजारी मी, डोक्याला स्कार्फ. या वयात.

७ सप्टें., रविवार
दुपारी व.रा. झोपलेले. खाली गेले तर सूनबाई गाडीखाली आणि चिरंजीव टॉर्च धरून.
"काय चाललंय?"
"काही नाही आई," निखिल.
"काही नाही करायला गाडीखाली जावं लागतं?"
अश्विनी बाहेर आली. चाकणला एका कंपनीत क्वालिटीत, म्हणजे माल तपासायला आहे, विचारलं की पोटात काही राहत नाही तिच्या. "आई, बाबा नट अर्धेच आवळायलेत. एखादा तर राहूनच जायलाय." (लग्नाला सहा वर्षं झाली, लातूरचं 'आवळायलेत' सुटत नाही.) म्हणजे हे दोघं दर रविवारी, व.रा. झोपले की, त्यांचं काम पुन्हा करतात. महिना झाला.
संतापले. या माणसानं पिंपरीच्या कारखान्यात, टूलरूममध्ये जन्म घालवला. बोट फिरवून केसाएवढा फरक सांगायचा. त्याच्या मागून तुम्ही नट आवळता? लाज वाटत नाही?
निखिल म्हणाला, "मग तू सांग बाबांना."
सांगणारच आहे.

१० सप्टें.
सांगितलं नाही. आधी स्वतः बघू म्हटलं. स्टूल घेऊन बसले त्यांच्याजवळ. सीटचे चार नट. इंची पाना घेतला (मड्डमला मिलिमीटर चालत नाही, तिचा थाटच वेगळा). उजवा हात हलत होता. डाव्यानं मनगट धरून एक आवळला, दुसरा, तिसरा. मग मी आणलेला चहा प्यायले, कप धुऊन ठेवला आणि गाणं गुणगुणत दुसऱ्या कामाला लागले.
चौथा तसाच.
मी, जी भाजीवाल्याचं व्याकरणसुद्धा सोडत नाही, ती गप्प बसले. तोंडापर्यंत आलं होतं. "अहो, एक राहिला." किती सोपं वाक्य.

१४ सप्टें., रविवार
निखिलनं मुद्दाम खाली नेऊन दाखवलं. पुढच्या चाकाकडे जाणारी ब्रेकची नळी. जोड सैल. तेल ठिबकून नव्या रंगाला फोड आलेत. "आई, सीटचं सोड. हे ब्रेक आहेत. शेजारी तू बसणार आहेस."
ठरलं ते असं: रविवारी दुपारी मी व.रां.ना बाहेर काढायचं. झोपेचा भरवसा नाही, परवा लवकर उठले होते. आणि निखिल म्हणतो, डॉक्टरकडे न्यायला हवं. कोणी सांगायचं? निर्णय झाला नाही. माझं शूर घराणं.

२१ सप्टें.
व.रां.ना कासारवाडीला माझ्या मैत्रिणीकडे, फिलोमिनाकडे नेलं. कारण सांगितलं की तिला एकटं वाटतं. फिलोमिनाला आयुष्यात कधी एकटं वाटलेलं नाही, तिच्या घरी पाच माणसं आणि एक पोपट. व.रा. खूष. परत येताना म्हणाले, "हल्ली तू मला फिरायला काय नेतेस! म्हातारपणी प्रेमात पडलीस की काय?"
रस्ता ओलांडताना हात धरला माझा. मी मोबाइलवर बघत होते, खालचं काम झालं का, निखिलचा मेसेज आला का.
नको वाटतं लिहायला.

२४ सप्टें.
आज आठवलं. नोकरीत असताना साहेबाची पत्रं टाइप करता करता त्याचं इंग्रजी मी सुधारत असे. न विचारता, न सांगता. त्याला कधी कळलं नाही, याचा मला अभिमान होता.
कळलं असेल का?

२८ सप्टें., रविवार
आज चिंचवडलाच बागेत नेलं. परत येईपर्यंत पोरांनी बॉनेटखालचं राहिलेलं काम उरकलं होतं. संध्याकाळी व.रां.नी गाडी गल्लीतून पुढेमागे केली. इंजिन मस्त. ब्रेक मस्त. खाली वाकून पाहिलं, "एक थेंब गळत नाही!" शेजारचे कुलकर्णी म्हणाले, "वसंतराव, हात अजून तोच आहे हं तुमचा." व.रां.नी हात पुढे करून स्वतःच बघितला, उलटा, सुलटा. हसले.
निखिल बुटाची नाडी बांधायला लागला. बांधलेली होती.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी
लाल कापडावर सगळी हत्यारं मांडली. पाने, हातोडी, व.रां.नी अप्रेंटिस असताना स्वतः केलेली कानस. झेंडू. बॉनेट उघडून ठेवलं. व.रा. ताट घेऊन वाकले आणि तसेच थांबले.
"हे काय?"
नटांवर पिवळ्या रेघा. बारीक, सरळ, एकेका नटावर एकेक. चाकणच्या लाइनीवर नट तपासला की मार्करनं रेघ ओढतात, हे मला आज कळलं. व.रां.ना ते शिकवायची गरज नव्हती. अश्विनीचा चेहरा पांढरा.
मी म्हटलं, "हळद आहे. सकाळी मीच लावली."
कसं सुचलं मला? इतक्या चटकन?
त्यांनी ताट खाली ठेवलं. अंगठा जिभेला लावून ओला केला. रेघेवरून घासला. अंगठा बघितला. रेघ तशीच, अंगठ्याला काही लागलं नाही.
"एवढी पक्की हळद कुठल्या दुकानातली गं?"
मग ताट उचलून आरती केली. नीट, पूर्ण, घंटा वाजवत. सगळ्यांना पेढा दिला. मलाही.

२ ऑक्टो., दसरा
गल्ली जमली होती. व.रा. इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले आणि किल्ली निखिलपुढे धरली. "तू चालव. माझा चष्मा वर राहिलाय."
चष्मा नाकावर होता.
"बाबा, तुम्हीच..." "चालव म्हटलं ना. मुहूर्त जातो."
मी बसले. स्कार्फ बांधून. निगडीच्या चौकापर्यंत जाऊन आलो. लोक मोबाइलवर शूटिंग घेत होते. बसथांब्यावरच्या एका मुलीनं हात हलवला आणि मीही हलवला. राणीसारखा. घरी येईपर्यंत तो हात मांडीखाली दाबून बसले.
आम्ही आलो तेव्हा गेटवर उभे होते. "ब्रेक कसे लागले?" एवढंच विचारलं. निखिलला. आणि खरंच ऐकायचं होतं त्यांना.

५ ऑक्टो., रविवार
व.रा. तीन दिवस खाली उतरले नाहीत. आज मी पोरांवर ओरडले. अश्विनीला म्हटलं, चोरी करायची तर सही कशाला करायची? ती रडली. "हात आपोआप गेला आई. खूण केल्याबगर पुढं जायची सवयच नाही. जॉब तपासला की खूण, तसंच शिकवलंय." निखिल म्हणाला, "हळद कोणी म्हटलं? तिनं की तू?"
मी जिन्याकडे वळले. वर आले.
व.रा. खिडकीशी. मी "सॉरी" म्हटलं. मराठीत मला ते कधी जमलेलं नाही, आणि इंग्रजीत किती स्वस्त वाटतं.
म्हणाले, "टूलरूममध्ये माझा प्रत्येक जॉब इन्स्पेक्शनला जायचा. चुकला तर परत आणून माझ्यासमोर टेबलावर ठेवायचे. वसंता, हे बघ. त्यात लाज नव्हती. मी बघायचो, पुन्हा करायचो. तुम्ही टेबलावर ठेवलं नाहीत."
पुढे म्हणाले, "माझा हात मला दिसत नाही असं वाटलं तुला?"
मग, "गाडी सोड. अजून काय काय तपासता माझं?"
दाराची कडी. नळ. गॅसचं बटण. गोळ्यांची डबी. त्यांनी ठेवलेली प्रत्येक वस्तू त्यांच्या मागून मी पुन्हा बघते. वर्ष झालं असेल.
म्हटलं, "काही नाही."
त्यांनी मान हलवली. ताटात नको असलेलं वाढलं की हलवतात तशी.

८ ऑक्टो.
निखिलनं आज धाडस केलं. व.रां.ना हाताला धरून खाली नेलं, मागच्या चाकाचा, यांच्याही तपासणीतून सुटलेला एक सैल नट दाखवला. "बाबा, हे बघा." खिडकीतून बघत होते मी. व.रां.नी पाना घेतला, मनगट धरलं, आवळला. मग पाना निखिलला दिला. निखिलनं तपासला. बोलले काहीतरी, ऐकू आलं नाही.
वर येऊन मला म्हणाले, "डॉक्टरचा नंबर मीच लावीन. लावायचा तेव्हा." कधी, ते विचारायची हिंमत झाली नाही. गाडी चालवणार का, तेही नाही.

९ ऑक्टो., गुरुवार
सकाळी चहा त्यांनी केला. मी बाल्कनीत पेपर घेऊन. कप आणून हातात दिला, पुन्हा आत गेले आणि ओट्यापाशी उभे राहून हाक मारली, "गॅस बंद केलाय गं. येऊन बघून घे."
आवाजात राग नव्हता. थट्टा होती का, तेही कळेना. खरंच बोलावत असतील, टेबलावर ठेवत असतील. की मी काय करते ते बघत होते?
"बघायचं काय त्यात," म्हटलं मी. उठले नाही. ते बाहेर आले, समोर बसले, त्यांनी त्यांचा पेपर उघडला.
उठले नाही मी. पण चहा गार होईपर्यंत गॅसचा वास येतोय का ते बघत बसले.