हात थोडा आधी

रविवार, १४ मार्च

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा कुरकुरतो, पण जिभेला काही झालेलं नाही. परवा शेजारणीला सांगत होती, "आमच्या घरात कुणी तंबाखूला शिवलं नाही, आणि थोरला दिवसभर गांजात बसतो." ती बिचारी तेव्हापासून मला लिफ्टमध्ये एकटं भेटायचं टाळते.

पत्र का लिहितोय, असं म्हणशील. फोनवर तिसऱ्या वाक्यालाच तू दुसरीकडे पोचतेस, आणि मलाही सगळं सलग बोलता येणार नाही. हे आईबरोबर पाठवतोय. संध्याकाळी तुझ्याकडे येईल. तिला यातलं काही माहीत नाही.

तू दोन गोष्टी मागितल्या होत्यास. माझ्याकडे विसरलेली तुझी दुकानातल्या गांजाच्या थेंबांची बाटली, आणि आमच्या संस्थेच्या कागदावर एक चिठ्ठी: 'या थेंबांनी लक्ष सुधारतं, कामाच्या ठिकाणी लघवीच्या तपासणीत काही निघालं तर हरकत घेऊ नये.' तुझं म्हणणं असं की, दादा तिथेच काम करतो, त्याला दोन ओळी लिहायला काय जड जातंय?

आधी माझं काम काय ते सांगतो, कारण तू ते अर्धंच ऐकलेलं आहेस. लक्ष टिकत नाही अशा मोठ्या माणसांना आम्ही रोज थेंब देतो. निम्म्यांच्या बाटलीत गांजाच्या झाडाचा अर्क असतो, निम्म्यांच्या बाटलीत साधं तेल. कुणाला काय मिळालं हे त्यांना माहीत नाही, आणि मलाही नाही. एका गृहस्थांनी कित्येक वर्षं अर्धवट राहिलेली स्वयंपाकघराची भिंत रंगवून पुरी केली आणि मला फोटो दाखवला. त्यांच्या बाटलीत साधं तेलच असेल, असंही होऊ शकतं. वरच्या मजल्यावर लहान मुलांचा विभाग आहे. तिथे एका मुलीला एका दुर्मीळ आजाराने दिवसातून कितीदा तरी फिट यायची. शुद्ध केलेल्या अर्काने फिट येणं बरंच कमी झालं. ते मी स्वतः पाहिलं आहे, आणि त्यावर चांगला अभ्यासही झालेला आहे. लक्षाच्या बाबतीत मात्र अजून हातात काही नाही. उद्या येईलही. मी या औषधाच्या वाईटावर नाही, हे तुला पटावं म्हणून एवढं लिहिलं.

आता गेल्या रविवारचं. जेवण झाल्यावर मी तुला आमची चाचणी दिली. पडद्यावर अक्षरं येतात, प्रत्येक अक्षराला बटण दाबायचं, 'क' आला की हात आवरायचा. ही चाचणी तुला आधीही दिली होती, तुझ्या लक्षासाठीच्या गोळ्या आणि हे थेंब दोन्ही नव्हते तेव्हा. त्या वेळी तू 'क' आहे हे ध्यानात यायच्या आधीच दाबून मोकळी व्हायचीस आणि मग स्वतःलाच शिव्या द्यायचीस. या वेळी थेंब घेऊन आली होतीस. शांत बसलीस, खुर्ची हलवली नाहीस. उठताना म्हणालीस, "दादा, आज पैकीच्या पैकी!" मी "बघू" म्हटलं आणि चहा टाकला.

पैकीच्या पैकी नव्हते. 'क'ला तू खरंच कमी फसलीस. तेवढं श्रेय थेंबांचं असेल, मी नाकारत नाही. पण बाकीच्या अक्षरांना तुझं बोट उशिरा पडत होतं, आणि काही अक्षरं तर तू नुसती जाऊ दिलीस. तुझी घाई गेली आणि तिच्या जागी उशीर आला. तो तुला जाणवत नाही, हे मला सगळ्यात वाईट वाटलं. तू दुकानात बसणारी असतीस तर मी म्हटलं असतं, घे बाई, तुला बरं वाटतंय ना. पण तू टॉवर क्रेन चालवतेस.

बाटलीवर लिहिलंय, नशेचा अंश नाही. आमच्या रसायन विभागातल्या बाईंना मी ती यंत्रात घालून बघायला सांगितली. नशेचा अंश आहे, आणि चांगला ठसठशीत आहे. त्या म्हणाल्या, "दुकानातल्या बाटलीवर आणि निवडणुकीतल्या भाषणावर किती विश्वास ठेवायचा, ते ज्याचं त्याने ठरवावं." तू दुसरी बाटली आणलीस, हे आईकडून कळलं. तीही त्याच दुकानातली असणार.

गोळ्यांनी तुझी भूक मरत होती, खांदे आवळून यायचे, हे मला ठाऊक आहे. त्या तू सोडल्यास यात मला नवल वाटलं नाही. मला विचारलं असतंस तर डॉक्टरीणबाईंकडून मात्रा बदलून घेतली असती. ते असो.

तुझा मुद्दा मी विसरलेलो नाही. माझं "बघू" ऐकून तू म्हणालीस, "चाचणी गेली खड्ड्यात. महिनाभर माझा एकेक माल खुणेवर अलगद उतरतोय. खाली खुणा करायला माझा नवराच उभा असतो, त्याला विचार."

शुक्रवारी जावईबापू तुझी बाटली न्यायला आले, तेव्हा विचारलं.

ते खूश होते. तू मुलांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकतेस, जेवताना चार वेळा उठत नाहीस, परवा धाकटीचा फ्रॉक बसल्या बैठकीत शिवलास, हे सगळं अगदी कौतुकाने सांगत होते. ऐकून मलाही बरं वाटलं. माझ्या बहिणीच्या घरात इतकं स्वस्थ कधी नव्हतं. मग मी म्हटलं, "आणि साइटवर?"

"एकदम बेस्ट. सुरुवातीला जरा चुकलं. थांबायची खूण केली तरी तुळई खाली येत राहिली. मी बाजूला झालो म्हणून निभावलं. आता काही अडचण नाही."

"कशी काय?"

"आता मी हात थोडा आधी वर करतो ना! ती बरोबर खुणेवर थांबते."

"तिला सांगितलंत?"

"कशाला? उगाच मनाला लावून घेईल. किती खूश आहे ती."

भिंगरी, तुझा माल अलगद उतरतो तो असा.

तेवढ्यावर मी कदाचित गप्पच राहिलो असतो, तुला समजावायला आणखी एक रविवार घेतला असता. पण जाता जाता दारात चप्पल घालताना ते म्हणाले, सोमवारपासून त्यांना शेजारच्या इमारतीवर घातलंय. तुझ्या क्रेनखाली खुणा करायला नवा माणूस येतोय. "मी त्याला सांगून ठेवतो, हात थोडा आधी कर म्हणून."

तो नवा माणूस खूण शिकलाय तशीच करील. उगाच कुणाचं ऐकून आधी का करील? आणि केलीच, तर किती आधी, हे फक्त तुझ्या नवऱ्याला कळतं. तेही तुळई डोक्यावर येताना बघून त्यांनी शिकून घेतलं.

तर चिठ्ठी मी देणार नाही. बाटलीही देणार नाही. जावईबापूंना शुक्रवारी रिकाम्या हाताने पाठवलं.

आणि आज सकाळी मी तुमच्या सुपरवायझरच्या घरी फोन केला. तुझं नाव सांगितलं, माझं सांगितलं, थेंबांचं सांगितलं. हात आधी वर करण्याचं सांगितलं नाही, नाहीतर दोघांचंही काम गेलं असतं. उद्या तुला फाटकावर थांबवतील. कामावरून काढतील की नुसतं खालच्या कामावर ठेवतील, ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. क्रेनवरची ती खुर्ची मिळवायला तुला किती लोकांची तोंडं बंद करावी लागली, हे मी पाहिलेलं आहे. तरीही फोन केला. हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे सगळं लिहिलं.

नवऱ्याशी भांडू नकोस. त्यांनी चुगली केली नाही. त्यांना वाटलं, ऐकून मला आनंद होईल.

माझ्याशी किती दिवस बोलायचं नाही ते तू ठरव. तुम्ही चौघं धडधाकट राहून मला शिव्या घालत असलात तर मला चालेल.

तुझ्या पोटावर पाय देणारा आणि तरी तुझाच,
दादा