चादरीखालचं काम

अब्बा,

तुम्ही मला बोर्ड रंगवायला कधी शिकवलं नाहीत. पोरीच्या हाताला एनॅमलचा वास नको, म्हणायचात. तरी मी शेवटी बोर्डच करते. माझा बोर्ड पत्र्याचा नसतो, कॉम्प्युटरवर असतो. त्याला वेबसाइट म्हणतात, आणि तो भोरच्या एसटी स्टँडवर टांगावा लागत नाही, कुठूनही वाचता येतो. तुम्ही गेलात तेव्हा हे असलं काही आपल्याकडे आलंच नव्हतं. गेला आठवडाभर मी एका माणसाशी भांडत होते, आणि भांडताना तोंडात तुमचेच शब्द येत होते, म्हणून लिहायला बसले.

वेल्ह्याकडे, मार्गासनीच्या पुढे डोंगराच्या कडेला एक शाळा आहे. तिची वेबसाइट मी करत होते. शाळेला ज्यांनी जमिनी दिल्या त्या प्रत्येक घरासाठी एक पान. शाळेच्या समितीनंच ठरवलं होतं की ज्याचं पान त्यानं आधी बघायचं, हो म्हणायचं, आणि सगळ्यांचे होकार आले की मगच ती जगासाठी उघडायची. तोवर मी तिला कुलूप घालून ठेवलं होतं. पासवर्ड एकट्या माझ्याकडे. सगळी घरं झाली, एका आजींचं राहिलं. त्यांचं घर पार वरच्या वाडीत, आणि त्यांच्या गुडघ्यांनी त्यांना खाली यायला केव्हाच मनाई केलेली.

तेवढ्यात समितीच्या अध्यक्षांचा फोन. "म्याडम, सोमवारी पुण्याचे पाव्हणे येणारेत. दोन दिस उगडा की. आजीचं काय, मागनं बगू. तिला वाचता तरी कुटं येतंय?"

मी म्हटलं, वाचता येत नाही म्हणूनच आधी त्यांना ऐकवायचं.

"मग आमी पुण्यातला मानूस बगतो," ते म्हणाले आणि फोन ठेवला. एवढं मोठं काम मला त्याआधी कुणी दिलं नव्हतं. पण कुलूप काढलं नाही.

कारण मला आपलं अंगण दिसत होतं. मी दहा-अकरा वर्षांची असेन. भिंतीला टेकवलेला पत्रा, त्यावर अम्मीची जुनी फुलांची चादर. गिऱ्हाइकानं स्वतः येऊन चादर उचलायची, दोन पावलं मागं सरून बघायचं, 'चालंल' म्हणायचं, आणि मगच बोर्ड घराबाहेर पडायचा, हा तुमचा रिवाज. त्या दिवशी बाजारातल्या दोघा भावांच्या किराणा दुकानाचा बोर्ड होता. तुम्ही थोरल्याचं नाव लिहिलंय. हात टेकून ओल्या अक्षरांवर डाग पडू नये म्हणून धाकट्याचं उद्यावर ठेवलंय आणि नमाजाला गेलात. परत येता तर चादर खाली पडलेली, आणि दारात धाकटा उभा, लालबुंद. त्याला रस्त्यावरून त्याच्या दुकानाच्या बोर्डावर फक्त भावाचं नाव दिसलं होतं. तुम्ही किती समजावलंत. खडूनं आखलेली खालची रिकामी ओळ दाखवलीत. "वारा आला आसंल, म्या चादर बांदायला इसारलो, चूक माजी हाय," म्हणालात. त्यानं काही ऐकलं नाही. दोघांत आधीचं काय काय होतं ते त्या निमित्तानं वर आलं, आणि महिन्याभरात त्यानं शिवऱ्याला हायवेवर वेगळं दुकान टाकलं. त्याचा बोर्ड दुसऱ्या पेंटरनं रंगवला.

तुम्ही मला त्या संध्याकाळी एवढंच सांगितलंत, "अर्दं लिवल्यालं मानूस पुरं समजून वाचतो, बेटा." तेव्हापासून तुम्ही चादरीला सुतळी बांधायला लागलात, दोन दोन गाठी.

तर मी शनिवारी सकाळच्या एसटीनं निघाले. आजींचं पान कागदावर छापून घेतलं आणि वाडीपर्यंत चढले. त्या उंबऱ्यात बसून पावटे सोलत होत्या. मी वाचत गेले, त्या मान हलवत गेल्या. त्यांच्या मालकांचा फोटो, मालकांचं नाव, मालकांनी शाळेला दिलेली जमीन. समितीनं लिहून दिलं तसंच मी टाकलं होतं. मान हलायची थांबली.

"जमीन ह्यांची नव्हं," त्या म्हणाल्या. "माज्या बापानं मला दिल्याली. म्या दिली साळंला. ह्यांनी निस्ता कागुद नेला."

मी विचारलं, मालकांचं नाव काढू का?

"काडू नगंस. ऱ्हाऊ दे त्यांचं. माजं वर घाल."

आत जाऊन त्यांनी ट्रंकेतला कागद आणून दाखवला. जमीन त्यांच्याच नावावर होती. मी तिथंच पेननं पान दुरुस्त केलं, पुन्हा वाचलं, आणि त्या म्हणाल्या, "व्हय. आता दाव कुनालाबी."

उतरताना मला राग आला होता आणि रडूही. अध्यक्षांना कागदाचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं तुमी ऐकलं न्हाई." सोमवारी पाहुण्यांच्या आधी मी कुलूप काढलं. त्या पानावर आता सगळ्यात वर आजींचं नाव आहे.

शाबासकी घ्यायला हे लिहीत नाही, अब्बा. पत्र कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून लिहायचं धाडस होतंय. त्या दिवशी वारा नव्हता. माझे अब्बा किती सुंदर अक्षर काढतात ते शेजारच्या मैत्रिणीला दाखवायचं होतं, म्हणून चादर मी उचलली, आणि परत टाकायची राहिली. तुम्ही 'चूक माजी' म्हणालात तेव्हा मी तुमच्या मागेच उभी होते.