शेळ्यांच्या रक्तातलं पोटॅशियम

१० जानेवारी
उमरेडहून सकाळीच आले. बेसा भागातली भाड्याची खोली हवेशीर आहे, आणि काम तर त्याहून छान. संशोधन केंद्रात नऊ शेळ्या आहेत. शेळी घाबरली की अ‍ॅड्रेनलिन उसळतं, रक्तातलं पोटॅशियम पेशींत शिरतं आणि रक्तात ते कमी पडतं. ते आम्ही मोजायचं. सोबत प्रणाली आहे, माझ्याच वयाची. मार्चमध्ये केंद्राचे प्रमुख सर दोघींपैकी एकीलाच कायम करणार. मीच राहणार, बघाच.

१९ जानेवारी
प्रणाली रक्त काढते तेव्हा शेळ्या निवांत रवंथ करतात. आकडा ४.६. मी सुई घेऊन गेले की ३.७. तिचा एप्रन घालून पाहिला, तरी तेच. गोठा झाडणाऱ्या सिंधूताई म्हणाल्या, "बाई, तुमच्या मनात काय चालून राह्यलं, ते त्याइले समजते." समजू दे. सर दिवसभर प्रणाली, प्रणाली करतात. जळते मी तिच्यावर. लिहून टाकलं एकदाचं.

२ फेब्रुवारी
तिची रक्त काढायची वेळ होण्याआधी गोठ्यात जाऊन पत्र्याचा डबा बडवला. शेळ्या भिंतीला चिकटल्या. तिचे आकडे कोसळले, सर तिला सगळ्यांदेखत बोलले. डबा मात्र कुणाला कळला नाही. आज जेवण गोड लागलं.

३ फेब्रुवारी
पुन्हा डबा वाजवला. एकही शेळी हलली नाही. नऊही जणी माझ्याकडे बघत होत्या. त्यांचं पोटॅशियम ४.६. घाबरले ती मीच.

४ फेब्रुवारी
स्वतःचं रक्त मशीनला लावलं. ३.०. माणसाचं साडेतीनच्या खाली जायला नको. शेजारच्या खोलीत प्रणाली हसली. पुन्हा काढलं — २.६. डॉक्टर म्हणाले, केळी खा, शहाळं प्या. दोन्ही केलं. तिचं नाव निघालं की पुन्हा उतरतं.

६ फेब्रुवारी
गोठ्यात कोसळले. पाय उचलेनात. शेळ्या जवळ आल्या, अगदी जवळ. घाबरल्या नाहीत. त्यांची भीती आता माझ्यात —

७ फेब्रुवारी
दवाखाना. सलाईन. २.१. प्रणाली उशाशी. डब्याचं तिला तेव्हाच कळलं होतं म्हणे. सरांना सांगितलं नाही. उलट, जागा धनश्रीला, म्हणजे मला, द्या म्हणाली —
चांगुलपणाही तिचाच. माझं काय?

१.८. श्वास पुरत नाही. तिने डावा हात धरलाय. घाबरू नको वं, म्हणते, मी इथंच बसून राह्यली.
जा म्हणायचंय. जीभ हलत नाही. ती जवळ आहे तोवर आकडा उतरतच —
कुणीतरी तिला बाहेर — हात सोड, प्रणा