आहे गं, इथेच आहे

४ फेब्रुवारी

पुन्हा तेच! गाणं चालू असलं की माझा रेकॉर्ड केलेला आवाज येत नाही, आवाज लावला की गाणं बंद. हातात मावणाऱ्या यंत्रात संगणकाची लिनक्स प्रणाली घातली म्हणून मी स्वतःला फार शहाणी समजत होते. आवाजाचं दार एकच — जो प्रोग्राम आधी शिरतो तो आतून कडी लावून बसतो. दुसरा बाहेर ताटकळत.

एवढं लिहीपर्यंत आईच्या दोन हाका. दिसणं आधीच गेलेलं, आता कंबरेचं हाड मोडून पलंगावर. "आहेस ना गं?" — "आहे गं, इथेच आहे." दिवसभर हेच. नोकरी सोडली तीही यापायीच. दादा फोनवर म्हणतो, "तू आहेस म्हणून मी निर्धास्त." असशील!

६ फेब्रुवारी

ज्या नोकरीसाठी धडपडतेय, तिच्या मुलाखतीला अखेर बोलावलंय. बारा तारखेला, प्रत्यक्ष. ही हुकली तर मला पुन्हा कोण विचारतंय?

दादाला म्हटलं, एक दिवस ये. "बघतो." म्हणजे नाही. खालच्या शिंपीणकाकू किल्ली ठेवतील, मध्ये डोकावतील, पण बसून राहणार नाहीत.

म्हणून हा उद्योग. उशाशी यंत्र, त्यात आईची गाणी, आणि मधूनमधून मी — "इथेच आहे." स्वतःच्या आईला फसवायचं. लाज वाटते. तरी करतेय. जीव गुदमरलाय माझा या घरात.

८ फेब्रुवारी

दोन्ही फाइली दाबून लहान केलेल्या. तशा त्या एकमेकींत मिसळत नाहीत. आधी दोन्ही उलगडायच्या, मग बेरीज करायची, मग एकाच प्रोग्रामने वाजवायची. केलं. गाणं झकास, आणि वर मी — चिरकी, दुप्पट घाईत! माझा आवाज वेगळ्या वेगावर रेकॉर्ड केला होता, तो गाण्याशी जुळवायचाच राहिला.

आतून आई, "कोण गं ती खारूताई?"

"रेडिओ," म्हटलं.

९ फेब्रुवारी

वेग जुळला. आता दोन्ही आवाजांची बेरीज यंत्राच्या मापाबाहेर जाते, नुसती खरखर.

१० फेब्रुवारी

जमलं! मी बोलताना गाणं निम्म्यावर येतं, मग परत चढतं. दोन्ही एकदम उलगडताना यंत्र तापतं, एकदा हँगही झालं. परवापुरतं टिकलं तरी गंगेत घोडं न्हालं.

१२ फेब्रुवारी

मुलाखत बरी झाली असावी. अर्धं लक्ष घरीच होतं. जिना धावत चढले.

यंत्र हँग. आई शांत पडलेली. "जाताना तुझ्या चपला जिन्यात वाजल्या, आणि थोड्या वेळात ते तुझं यंत्रही गप्प झालं."

मी तिच्याजवळ टेकले. "मग हाका मारत राहिलीस?"

"कुणाला? घरात होतं कोण? छान झोपले. किती दिवसांनी."

१३ फेब्रुवारी

सकाळी तिचे केस विंचरताना विचारलंच, मग रोज एवढ्या हाका कशाला मारतेस?

"तू आत एकटी कुढत बसतेस," आई म्हणाली. "कुणीतरी लक्ष ठेवायला नको तुझ्यावर?"