आशुतोषचा जाहीर सत्कार

खांदेश्वर,
२ जून २०२५

तीर्थस्वरूप दादास, सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण माझ्या आवाजावर आता माझाच भरवसा नाही. वरच्या मजल्यावरचा आशुतोष महाप्याला कॉम्प्युटरवर काम करतो. घरून काम असलं की माझ्या पाळणाघरातल्या पोरांचा त्याला त्रास होतो. म्हणून त्याने हुबेहूब माझ्या आवाजात क्लिप बनवली, की मी पोरांच्या दुधात झोपेचं औषध घालते! सोसायटीच्या ग्रुपवर ती फिरली आणि आईबापांनी नऊच्या नऊ पोरं काढून नेली. सापडल्यावर म्हणतो, गंमत केली.

मी पोलिसांत निघाले होते. अध्यक्ष राजेश्वरीबाईंनी अडवलं. त्यांनी कुठलंसं ऑनलाइन शिबिर केलंय. शिक्षेने माणूस तुटतो, समोरासमोर बसून मनं जुळवायची, म्हणाल्या. पंधरा तारखेला सभा आहे. त्याने नऊ दारांत जाऊन स्वतःच्या तोंडाने खरं सांगावं, एवढंच मला हवंय.

वहिनींना नमस्कार. तुझी माया आहे तशीच असू दे.

तुझी,
जयमाला

कोरेगाव,
७ जून २०२५

चि. सौ. जयमालास, अनेक आशीर्वाद.

त्या बाबाला तुझा आवाज काढायला कॉम्प्युटर लागला. मला तर तू चौथीत असल्यापासून तुझी नक्कल येते! चेष्टा राहू दे. पत्र वाचून तुझ्या वहिनीनं डोळ्याला पदर लावला. समोर बसवून चूक कबूल करायला लावणं वाईट न्हाई, आपल्या भावकीतली भांडणं तशीच मिटली. पण तिथं ज्याचं नुकसान झालं त्याला आधी विचारत. पोरं परत आल्याबिगर माफी देऊ नकोस. तू भिडस्त हायस, म्हणून बजावतो.

जिवाला जप, खुशाली कळव.

तुझा दादा,
हौसेराव

पोलीस ठाण्यातलं बाकडं,
१७ जून २०२५

तीर्थस्वरूप दादास, सा. न. वि. वि.

सभा झकास झाली! माफी कशाची ते सगळ्यांना कळावं म्हणून आधी क्लिप स्पीकरवर लावली. ज्यांनी ऐकली नव्हती त्यांनीही ऐकली. मग आशुतोष रडला. बायकांनी त्याला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. कबुलीचं धाडस दाखवलं म्हणून शाल-श्रीफळ देऊन सत्कार, आणि तोही माझ्याच हस्ते! मेल्या भिडेपायी मी घातली रे शाल. स्वतःचाच संताप येतो. नऊ दारांचं विचारलं, तर राजेश्वरीबाई म्हणाल्या, अशाने आशुतोषचं मन दुखावेल.

एकही पोर परत आलं नाही. छोट्या जाईची आई भेटली. क्लिप खोटी हे पटलंय म्हणाली, पण काकू, तुमचा आवाज ऐकला की मी जाईला मागे ओढते.

आज सकाळी राजेश्वरीबाई ठराव घेऊन आल्या. पीडितेचं पूर्ण समाधान झालं असून तिची काहीही तक्रार नाही, आणि खाली माझी सही हवी. मी म्हटलं, आशुतोषकडून करून घ्या, तो अगदी माझ्यासारखं करतो. आणि चपला घालून इथे आले.

आतून हाक आली, थांबते. पाठीशी राहा.

तुझी,
जयमाला